पॅरिसहून एका दिवसात रँस: गाडी, गिरजाघर आणि तळघर

पॅरिसमध्ये चार-पाच दिवस मुक्काम असेल आणि त्यातला एक दिवस वाइनच्या मुलखासाठी काढायचा असेल, तर बोर्दोचा मोह टाळा आणि शॅम्पेनच्या गावाला, रँसला जा. बोर्दोला वेगवान गाडीनंही दोन तासांच्या वर लागतात. म्हणजे जाऊन-येऊन चार तास डब्यातच गेले. बर्गंडीच्या वाइनचं बोन गाव सुरेख आहे, पण तिथे जायला साधारणपणे दिजाँला गाडी बदलावी लागते आणि एक जोडगाडी चुकली की दिवसाचं गणित कोलमडतं. रँसला थेट टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान गाडी, पाऊण तासात पोचवते. दादरहून कल्याणला जायला धीम्या लोकलला याहून जास्त वेळ लागतो.

आधी नावाचं. आपण नकाशावर वाचून ‘रीम्स’ म्हणतो. तिथे हा उच्चार कुणाला कळत नाही. नाकातून एकाच झटक्यात ‘रँस’ म्हणायचं. तिकीट काढताना मात्र स्पेलिंगच उपयोगी पडतं आणि पहिली चूकही तिथेच होते, कारण या शहरात टीजीव्हीची दोन स्टेशनं आहेत. रँस सेंटर हे शहराच्या मधोमध. तिथून गिरजाघर पायी पंधरा मिनिटांवर. दुसरं शॅम्पेन-आर्देन टीजीव्ही, शहरापासून पाच-सहा किलोमीटर दक्षिणेला, बेझानच्या बाजूला. यादीत कधी दुसऱ्या स्टेशनचं तिकीट स्वस्त दिसतं, वेळही पाच-सहा मिनिटांनी कमी दिसते, आणि लोक हुरळून तेच घेतात. मग तिथे उतरून ट्राम किंवा लोकल गाडीची वाट बघत बसावं लागतं. ट्रामनं शहराच्या मध्यात यायला वीस-पंचवीस मिनिटं धरा, म्हणजे वाचलेला वेळ व्याजासकट गेला. परतीची गाडी तिथूनच असेल तर ट्रामची बी लाइनच पकडा. ए आणि बी या दोन्ही लाइन शहरात एकाच रुळावरून धावतात, पण ए शेवटी इस्पितळाकडे वळते. घाईत समोर आली त्या ट्राममध्ये चढलेला माणूस गाडी हमखास चुकवतो.

या बाहेरच्या स्टेशनाला एका बाबतीत मात्र पूर्ण गुण. चार्ल्स द गोल विमानतळाच्या पोटातल्या स्टेशनावरून तिथे थेट टीजीव्ही येते, अर्ध्या तासात. मुंबईहून येऊन पहिलीच रात्र रँसला काढायची असेल तर पॅरिस शहरात शिरायची गरजच नाही.

पॅरिसहून गाडी सुटते ती गार द लेस्तहून. मेट्रोच्या ४, ५ आणि ७ या लाइन तिथे येतात. गार द्यु नॉर वेगळं स्टेशन आहे, चालत सात-आठ मिनिटांवर. दोन्हींची गल्लत करू नका. टीजीव्हीचं तिकीट म्हणजे ठरावीक गाडी, ठरावीक डबा, ठरावीक आसन. आधीची किंवा नंतरची गाडी त्या तिकिटावर चालत नाही. भाडं विमानासारखं चढतं: महिना-दीड महिना आधी घेतलं तर एका बाजूचं विशीच्या आसपास युरोंत मिळून जातं, आदल्या दिवशी तेच आसन चाळिशीच्या पलीकडे. आसन तेच, गाडी तीच. हा प्रकार आवडण्यासारखा नाही, पण त्यावर उपाय एवढाच की तारीख लवकर ठरवा. पहिल्या वर्गाचे पैसे मात्र वाचवा. पाऊण तासाच्या प्रवासात जरा रुंद खुर्चीपलीकडे हाती काही लागत नाही.

फलाट क्रमांक सुटण्याच्या साधारण वीस मिनिटं आधी फलकावर येतो, आणि सुटण्याच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात. ८.३० ची गाडी म्हणजे ८.२८ ला दार बंद. धावत येऊन शेवटच्या डब्याला लटकायची सोय इथे नाही. दोन गाड्या एकमेकींना जोडून लांबलचक गाडी उभी असते तेव्हा आपला डबा फलाटाच्या पार टोकाला असू शकतो, आणि जोडलेल्या गाड्यांमधून आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. डब्याचा क्रमांक दारापाशी लिहिलेला असतो, तो बघूनच चढा.

प्रवासाबद्दल तक्रारीला जागा नाही. हा मार्ग जून २००७ मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या दोन महिने आधी, ३ एप्रिलला, याच मार्गावर, रँसच्या पलीकडे, ताशी ५७४.८ किलोमीटरचा विक्रम झाला होता. रोजची गाडी ३२० नं जाते. खिडकीतून द्राक्षमळे दिसतील या आशेनं मात्र बसू नका. दिसतात ती गहू-बिटाची सपाट शेतं. गाडीला अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला तर भाड्याचा पाव हिस्सा भरपाई म्हणून मिळतो, त्यासाठी तिकीट जपून ठेवायचं. संपाची बातमी असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर रेल्वेच्या ॲपवर पुन्हा बघा. दुसऱ्या दिवशी नक्की कोणत्या गाड्या धावणार हे तेव्हा कळतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यावर अख्खा दिवस उभा असतो: शॅम्पेन मुरते त्या तळघराच्या फेरीची वेळ. बहुतेक लोक आधी गाडीचं तिकीट काढतात, मग शॅम्पेनच्या कंपन्यांची संकेतस्थळं उघडतात, आणि तेव्हा कळतं की इंग्रजी फेरी फक्त सकाळी अकराची होती आणि ती भरली आहे. क्रम उलटा हवा. आधी तळघर, मग त्या वेळेला जुळणारी गाडी. मोठ्या घराण्यांच्या, म्हणजे या कंपन्यांच्या, फेऱ्यांना आगाऊ नोंदणीशिवाय आत घेतीलच असं नाही. शनिवार-रविवार आणि मे ते ऑक्टोबर हा काळ असेल तर तीन-चार आठवडे आधी बघा. काही घरं हिवाळ्यात पूर्ण बंद असतात, काही आठवड्यातले एक-दोन दिवस. एका ग्लाससकट साध्या फेरीला माणशी २५ ते ४० युरो धरा. त्यावरच्या महाग फेऱ्यांमध्ये तळघर तेवढंच दाखवतात, ग्लास वाढतात.

एका दिवसात एकच तळघर करा. दोन केली तर दुसऱ्या ठिकाणी तीच गोष्ट पुन्हा ऐकायची: तीन प्रकारची द्राक्षं, बाटलीतलं दुसरं आंबवण, गाळ मानेत आणणं. तोवर पायही बोलायला लागलेले असतात.

कोणतं घ्यायचं? देखाव्यासाठी पोमरी. ११६ पायऱ्या उतरून जवळजवळ तीस मीटर खाली जायचं, खाली अठरा किलोमीटरच्या गल्ल्या, आणि त्यात जागोजागी आधुनिक शिल्पं-मांडण्या ठेवलेल्या. ज्यांना वाइनमध्ये फारसा रस नाही अशा जोडीदारालाही ही फेरी कंटाळवाणी होत नाही. मात्र उतरलेल्या ११६ पायऱ्या चढायच्याही असतात. गुडघे कुरकुरत असतील तर नोंदणी करतानाच लिफ्टबद्दल विचारून घ्या. इतिहासासाठी तेतँजे: चौथ्या शतकातल्या रोमन खडूच्या खाणी आणि त्यांच्याशेजारी सँ-निकेझ मठाचं मध्ययुगीन तळघर. रुइनार सगळ्यात जुनं, १७२९ चं, पण तिथली फेरी खिशाला जड. स्टेशनच्या बाजूला म्हणायचं तर मम. वेळ कमी असेल आणि शहराच्या दक्षिण टोकापर्यंत चालायचं नसेल तर ते बरं.

खडूच्या खाणींना तिथे क्रेयेर म्हणतात. वर तोंड अरुंद आणि खाली पसरत जाणारी पोकळी. तळाशी उभं राहून वर पाहिलं की उजेडाचा एक चौकोन दिसतो, आपल्याकडच्या विहिरीतून दिसतो तसा. भिंतीला बोट लावलं की ओलसर पांढरी पूड बोटाला लागते. हा खडू पाणी शोषून धरतो, त्यामुळे हवा कायम दमट राहते आणि तापमान बारा महिने १० ते १२ अंश. बाहेर जुलैचं ऊन असलं तरी आत पाऊण तास काढायचा असतो, म्हणून स्वेटर किंवा जाकीट हवंच. साडी किंवा सलवार-कमीजवर नुसती ओढणी पुरत नाही. जमीन ओली असते, तळवे गुळगुळीत असलेल्या चपला नकोत. पहिल्या महायुद्धात वर तोफगोळे पडत असताना याच पोकळ्यांत लोक राहिले, शाळासुद्धा भरल्या.

आत काय बघायचं ते थोडं माहीत असलं की वाटाड्याचं भराभर इंग्रजी कानांवरून जात नाही. तयार वाइनमध्ये लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट साखर खातं, वायू बाटलीतच कोंडतो, दाब पाच-सहा बारपर्यंत जातो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त. म्हणून बाटली जाड आणि बुडाशी आत दबलेली. मेलेलं यीस्ट तळाशी साचतं. साध्या शॅम्पेनला एकूण किमान १५ महिने आणि सालाचा उल्लेख असलेलीला तीन वर्षं तळघरात ठेवावी लागते. मग भोकं पाडलेल्या तिरक्या फळ्यांत बाटल्या खोचून रोज थोडं थोडं फिरवत गाळ मानेत आणतात. ही युक्ती १८१६ च्या सुमाराची, क्लिको घराण्याच्या विधवा बाईंच्या तळघरातली. फेरीत या फळ्या दाखवतात खऱ्या, पण बहुतेक बाटल्या आता यंत्राच्या पिंजऱ्यात फिरतात. शेवटी मान गोठवून झाकण काढतात, गाळाचा बर्फ उडून जातो, आणि थोडी वाइन-साखर घालून बूच बसवतात. या शेवटच्या साखरेवरच लेबलवरचा शब्द ठरतो.

त्या शब्दांनी बरेचजण फसतात. ‘एक्स्ट्रा ड्राय’ वाचून वाटतं सगळ्यात कोरडी. ती ‘ब्रूट’पेक्षा गोड असते! ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७, आणि ‘दमी-सेक’मध्ये ३२ ते ५०. पहिल्यांदाच पिणाऱ्याला ब्रूट आंबट लागते आणि ‘एवढ्या पैशात हे?’ असा चेहरा होतो. अशांनी चाखण्याच्या वेळी दमी-सेक आहे का विचारावं. लेबलवर बारीक अक्षरांत दोन अक्षरी खूणही असते: एनएम म्हणजे द्राक्षं विकत घेऊन बनवणारं घराणं, आरएम म्हणजे स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची बनवणारा शेतकरी. मोठ्या घराण्याच्या बाटल्या पॅरिसच्या सुपरमार्केटमध्येही मिळतात, कधी तळघराच्या दुकानापेक्षा स्वस्त. ओझं वाहायचंच असेल तर रँसच्या वाइनच्या दुकानातून आरएम बाटली आणा.

नाशिकची वाइन सहल केलेल्यांनी एक अपेक्षा बाजूला ठेवावी. तिकडे गच्चीवर बसून समोर मळा बघत ग्लास हातात घेता येतो; इथे शहरात वेल जवळजवळ दिसतच नाहीत, सगळा कारभार जमिनीखाली. बाकी महाराष्ट्राच्या वाइनचं या मुलखाशी नातं जुनं आहे. नारायणगावला १९८० च्या दशकात फेसाळ वाइन सुरू झाली ती रँसच्या पीपर-हैडसिक घराण्याच्या तांत्रिक मदतीनं, आणि दिंडोरीला शाँदाँची वायनरी आहे, तिचं मूळ घर रँसपासून जवळच्या एपर्नेत. पद्धत तीच, पण दिंडोरीच्या बाटलीवर शॅम्पेन हा शब्द लिहिता येत नाही. तो या मुलखापुरता राखीव.

मळेच बघायचे असतील तर रँस सेंटरहून एपर्नेची लोकल गाडी घ्या. सुमारे अर्ध्या तासाचा प्रवास, वाटेत रिली-ला-मोंतान्यच्या बाजूला उतारांवर मळे दिसतात. या गाडीला आसन आरक्षण नसतं. एपर्नेहून पॅरिसच्या गार द लेस्तला थेट गाडीही आहे, सुमारे सव्वा तासाची, म्हणजे त्रिकोण करून परतता येतं. पण मग गिरजाघर धावत बघावं लागेल, आणि ते करू नये.

गिरजाघराला वेळेचं गणित लावा, कारण ते उजेडावर चालतं. पूर्वेच्या टोकाला चित्रकार शागालच्या १९७४ च्या निळ्या काचा आहेत; त्या सकाळी, ऊन मागून येतं तेव्हा बघायच्या. पश्चिमेचा दर्शनी भाग मात्र सकाळी सावलीत असतो. त्याचे फोटो चारनंतर, आणि तेव्हाच आत येऊन दारावरची गोल खिडकी पेटलेली बघायची. म्हणून इथे दोनदा यायचं: सकाळी गाडीतून उतरल्यावर आणि संध्याकाळी गाडी पकडण्याआधी. प्रवेश फुकट, दार सकाळी साडेसातला उघडतं.

बांधकाम १२११ साली सुरू झालं. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक इथे व्हायचा. १७ जुलै १४२९ ला सातव्या शार्लचा झाला तेव्हा जोन ऑफ आर्क शेजारी उभी होती. शेवटचा १८२५ मध्ये. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांनी छप्पर पेटलं. नंतर उभारलेला छताचा सांगाडा लाकडाचा नसून काँक्रीटचा आहे, आणि दुरुस्तीच्या पैशात अमेरिकी धनाढ्य रॉकफेलरचा मोठा वाटा. दर्शनी भागाच्या डावीकडच्या दारात हसरा देवदूत शोधा. त्या आगीत त्याचं मुंडकं तुटून पडलं होतं, तुकडे जमवून ते परत बसवलं. आत दक्षिणेच्या बाजूला १९५४ ची एक काच आहे, शॅम्पेनवाल्यांनी दिलेली: मळ्यातली कामं, पिंपं, तळघर, सगळं रंगीत काचेत. तळघरात जाण्याआधी ती पाच मिनिटं उभं राहून बघितली तर दुपारच्या फेरीतलं निम्मं आधीच कळलेलं असतं. बहुतेक पर्यटक शागालकडे जाताना तिच्यावरून नजर न टाकता पुढे जातात.

सँ-रेमीची बॅसिलिका, म्हणजे आणखी एक मोठं जुनं चर्च, इथून वीस मिनिटांच्या चालीवर, तळघरांच्या वाटेवरच. अकराव्या शतकातली, अंधारी, शांत. गर्दी गिरजाघराच्या दहावा भागही नाही. आहे तो वेळ इथे द्या.

दिवस निवडताना: बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार असेल तर सकाळी हाल द्यु बुलँग्रँचा बाजार भरतो. १९२९ ची काँक्रीटची प्रचंड कमान, खाली चीज, भाजी, पाव. दुपारच्या शिदोरीची सोय इथे उत्तम होते. मंगळवार टाळा, कारण ७ मे १९४५ ला पहाटे २.४१ वाजता जर्मन शरणागतीवर सही झाली ती खोली संग्रहालय म्हणून जपलेली आहे आणि ते मंगळवारी बंद असतं. ते स्टेशनच्या मागच्या बाजूला आहे, मुख्य दारानं बाहेर पडलात तर वळसा. (गार द लेस्तसमोरच्या रस्त्याचं नाव ‘८ मे १९४५’ आहे. सही सात तारखेला रँसमध्ये झाली, युरोपातलं युद्ध थांबलं आठ तारखेला.)

जेवण हा दिवसातला कच्चा दुवा, शाकाहाऱ्यांसाठी तर फारच. प्लास द्रुए देर्लाँ या चालण्याच्या रस्त्यावर हॉटेलांची रांग आहे, पण दुपारचं स्वयंपाकघर बाराला उघडतं आणि दोनला बंद होतं. अडीचला गेलात तर कॉफीच मिळेल. गरम बकरीचीज घातलेली सॅलड बहुतेक ठिकाणी मिळते, मात्र तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे न सांगता घालतात. ‘साँ लार्दाँ’ एवढे दोन शब्द पाठ करा. अंडं चालत असेल तर गव्हाचा क्रेप, नसेल तर बाजारातला पाव आणि लाँग्र चीज. त्याच्या वरच्या बाजूला खळगा असतो, त्यात शॅम्पेनचे थेंब ओतून खायची रीत आहे.

खरेदीत सगळे रँसची गुलाबी बिस्किटं घेतात. फॉसिए हे नाव १७५६ पासूनचं. बिस्किट कडक, दोनदा भाजलेलं, पेयात बुडवलं तरी मोडत नाही. पण पाकिटाची मागची बाजू वाचा: अंडी असतातच, आणि गुलाबी रंग परंपरेनं कार्मिनचा, म्हणजे किड्यापासून काढलेला, घटकांत ‘ई १२०’ दिसेल. घरच्या कडक शाकाहारी आजी-आजोबांसाठी हा खाऊ नव्हे.

बाटल्यांचा हिशेब. टीजीव्हीत कितीही न्या, द्रवाचं बंधन नाही. भारतात उतरताना मात्र माणशी दोन लिटर दारू करमुक्त, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. तिसरी आणली की अडीचशे मिलिलिटर वर. रिकामी बाटलीच ८३५ ग्रॅमची, भरलेली जवळजवळ १.६ किलोची. ती मोठ्या बॅगेतच टाकायची आणि वजनाच्या हिशेबात आधीच धरायची. एका दुकानातली खरेदी १०० युरोंच्या वर गेली तर पासपोर्ट दाखवून करपरतीचा कागद मागा, आणि विमानतळावर बॅग सोडण्याआधी तो यंत्रावर स्कॅन करा. बॅग आत गेल्यावर आठवलं तर माल दाखवता येत नाही.

परतीची गाडी सव्वासहाच्या आधीची घेऊ नका. तीनची फेरी चारच्या पुढे संपते, तिथून गिरजाघरापर्यंत अर्धा तास, तिथे अर्धा तास, मग स्टेशन. पाचची गाडी घेणारे नेमका तोच संध्याकाळचा उजेड सोडून येतात. सातच्या आसपास गार द लेस्तला पोचलात तर मेट्रोत शिरू नका. दहा-पंधरा मिनिटं चालत गार द्यु नॉरच्या मागे ला शापेलकडे जा. तमिळ दुकानांची गल्ली आहे, डोसा मिळतो.